नववीच्या एका वर्गात ६५ मुलं असतील तर शिकण्यावर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी जूनमध्ये नववीला जाणार, घणसोलीतल्या ज्या शाळेत प्रवेश मिळतोय तिथे एका तुकडीत ६५ मुलं आहेत, आणि सासरे म्हणतात, "आम्हीही साठ-सत्तरांत शिकलो, काय बिघडलं?" मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्याच एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. परिणाम होतो. फक्त पालकांना वाटतो तिथे होत नाही.

फळ्यावरचं शिकवणं ४० जणांना ऐकू जातं तसं ६५ जणांनाही जातं. आवाज चढवावा लागतो, दिवाळीपर्यंत घसा बसतो, पण ते आमचं दुखणं. खरा फटका तपासण्याला बसतो. माझ्याकडे चार तुकड्या आहेत असं धरा, म्हणजे २६० वह्या. एका वहीला दोन मिनिटं दिली तरी साडेआठ तासांच्या वर जातात, तेही एका गृहपाठाला. मग पान उलटायचं, खाली लाल सही, तारीख, पुढची वही. समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचं एखादी मुलगी जुलैमध्ये चुकली, तर ते थेट सहामाहीच्या पेपरात कळतं. तोवर त्या चुकीचा तिने चांगला सराव केलेला असतो!

यात भरडली जातात ती मधली मुलं. पुढचे आठ-दहा जण हात वर करतात, शिवाय त्यांना बाहेर क्लास असतो. मागचे दंगेखोर आपल्याकडे लक्ष वेधून घेतातच. उरलेली पंचेचाळीसएक मुलं फळा उतरवून घेतात, "समजलं का?" विचारलं की "हो मॅडम" म्हणतात आणि वर्षभर कोणाच्या नजरेत येत नाहीत. तुमची मुलगी लाजाळू असेल तर काळजी याची करा.

भूमितीचा तास तर बघण्यासारखा असतो. दोघांच्या बाकावर तिघं. त्रिकोणाची रचना करायची तर मधल्याला कोपर हलवायला जागा नाही. कंपास फिरवला की शेजारच्याचा धक्का, टोक सरकतं, कंस भलतीकडे जातो. दोन-तीनदा खोडून झालं की तो शेजारच्या वहीतली आकृती पट्टीने अंदाजे उतरवतो. मी जाऊन बघावं तर जास्तीचे बाक टाकल्यामुळे मधली वाटच बंद. विज्ञानाच्या प्रयोगाचंही तेच. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं, दहा जणांत एक भिंग. एक जण भिंग धरतो, एक पट्टी लावतो, बाकीचे आठ आकडा लिहून घेतात. प्रयोगवही मात्र सगळ्यांची पूर्ण.

सासऱ्यांच्या म्हणण्याबद्दल एवढंच, की त्या साठ-सत्तरांतले किती जण दहावीपर्यंत पोचलेच नाहीत हे गप्पांमध्ये येत नाही. जे पोचले तेच आज सांगतात. आणि आता नववीच्या एका वर्गात भागाकार अडणारा आणि स्कॉलरशिपला बसलेला, दोघं शेजारी असतात. संख्येइतकीच ही दरी जड जाते.

कायद्याचं काय, असंही तुम्ही विचारलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. पण तो कायदाच आठवीपर्यंतचा. नववीला त्याचा आधार सुटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३० च्या आत ठेवा असं म्हटलंय, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. शिवाय पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक कमी, त्यामुळे आठवी संपली की मुलं मोजक्या शाळांच्या दारात येतात आणि नववी फुगते. नवीन तुकडी मंजूर व्हायला वेळ लागतो, मंजूर झाली तरी खोली कुठे आहे?

आणि शिक्षकामागे ४० मुलं असा आकडा शाळेने दाखवला तर त्यावर जाऊ नका. आठवड्याचे ४५ तास आणि एका शिक्षकाकडे ३० तास धरले, तर एका तुकडीला दीड शिक्षक लागतो. म्हणजे वर्गात ६० मुलं असली तरी कागदावर ४० च दिसतात. जिल्ह्याची सरासरी तर आणखी फसवी. शहापूर-मुरबाडकडच्या कमी पटाच्या शाळा आणि आपल्याकडचे गच्च वर्ग एकाच बेरजेत जातात.

तरीही नुसती संख्या कमी करून भागत नाही, हे माझं मत आहे. ३५ मुलांच्या वर्गातही गाईडमधून उत्तरं सांगून लिहून घेणारे शिक्षक मी पाहिलेत. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात या विषयावर मोठा प्रयोग झाला. १३ ते १७ मुलांच्या वर्गात लहान मुलं जास्त चांगली शिकली असं निघालं. पण तिथला 'मोठा' वर्ग होता २२ ते २५ मुलांचा! आमच्याकडे तेवढी मुलं पावसात लोकल बंद पडली की दिसतात.

तेव्हा ६५ ऐकून लगेच शाळा नाकारू नका. गणित-विज्ञानाला कायम शिक्षक आहेत की तासिकेवरचे, ते विचारा. बाकांची अदलाबदल होते का, विचारा. जमलं तर तिथल्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागून घ्या आणि चुकलेल्या उदाहरणाशेजारी काही लिहिलंय का ते बघा. नुसत्या सह्या असतील तर आठवड्यातून दोनदा तिच्या वहीतली चार उदाहरणं घरी कोणीतरी पायरी-पायरीने तपासायला हवीत. सासऱ्यांना गणित येत असेल तर हे काम त्यांच्याकडेच द्या.