शंका-समाधान : खाणीतला दिवा, धूळ आणि वारा

गेल्या अंकात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतल्या दगडी कोळशाच्या खाणींवर लेख होता. त्यावर आलेले बहुतेक प्रश्न जमिनीखालच्या हवेभोवती फिरतात. खरं तर छत आणि बाजू ढासळून जाणाऱ्यांची संख्या स्फोटात जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. पण ती माणसं एकेक-दोनदोन करून जात. हवा बिघडली की अख्खी पाळी जाई. म्हणून या वेळी हवेच्याच प्रश्नांना जागा दिली आहे.

जाळीच्या दिव्यामुळे खाणीत स्फोट होत नसे म्हणतात. जाळीला भोकं असतात, मग ज्योत बाहेर कशी येत नाही? आणि त्याच दिव्याने वायू कसा ओळखत? (एक वाचक, नाशिक)

ज्योत भोकातून निघतेच, पण निघता निघता थंड होते. मिथेन (कोळशातून निघणारा, पेट घेणारा खाणीतला वायू) आणि हवेचं मिश्रण पेटायला साधारण ६५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. जळता वायू बारीक जाळीतून जाताना तारा त्याची उष्णता शोषून घेतात, आणि पलीकडच्या वायूला पेटवण्याइतका तो गरम उरत नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये हे दाखवलं. पुढे जाळीचं माप ठरून गेलं : इंचाला २८ तारा, म्हणजे चौरस इंचात ७८४ भोकं.

मात्र हे संरक्षण जाळी थंड असेपर्यंतच टिकतं. दिव्यात वायू जळत राहिला आणि जाळी लाल झाली, की ती नसल्यासारखीच. दुसरी अडचण वाऱ्याची. उघड्या जाळीच्या मूळ डेव्ही दिव्यावर सेकंदाला सहा फुटांच्या वर वारा आला तर ज्योत जाळीबाहेर ढकलली जाऊ शकते. डेव्हीच्या काळात खाणीतला वारा मंद होता. मोठे पंखे आले, वाऱ्याचा वेग वाढला, आणि तोच दिवा धोक्याचा ठरला. म्हणून १९०० च्या सुमारास मार्सो पद्धतीचे दिवे दिसतात : एकात एक दोन जाळ्या, त्यांच्यावर पोलादी टोपण आणि खाली ज्योतीभोवती जाड काच. जर्मन वुल्फ दिवा हलक्या पेट्रोलियम स्पिरिटवर जळे, त्याचं कुलूप चुंबकानेच उघडे आणि विझला तर तो न उघडता आतल्या आत पेटवता येई. ही शेवटची सोय फार मोलाची होती. अंधारात सापडलेल्या माणसाला दिवा उघडून काडी ओढण्याचा मोह होतो, आणि एक काडी पुरे असते. खाली उतरताना कामगारांचे खिसे काड्या-विड्यांसाठी तपासत, ते याचसाठी.

दिवाघरात प्रत्येक दिवा रोज सुटा करून पुसत. जाळी उजेडासमोर धरून एकही तार तुटलेली नाही, कुठे पोचा आलेला नाही हे बघत. काजळी किंवा तेलाचा थर राहिला तर जाळी लवकर तापते. काचेखालचं वॉशर नीट बसलं नाही तर जाळी कितीही चांगली असो, ज्योतीला तिथून वाट मिळते. सगळ्यांत घातक चूक म्हणजे जोडणीत एक जाळी घालायचीच राहून जाणं, कारण टोपण चढवल्यावर ती बाहेरून कळत नाही.

आता वायू ओळखण्याची रीत. आधी वात उतरवायची, इतकी की पिवळी ज्योत जवळजवळ जाऊन ठिपका उरेल. मोठ्या ज्योतीच्या उजेडात पुढचं काही दिसत नाही. मग दिवा सरळ धरून हळूहळू छताकडे न्यायचा. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, म्हणून तो छताच्या खळग्यांत आणि चढाच्या टोकाला साचतो. छातीच्या उंचीवर दिवा धरून ‘वायू नाही’ म्हणणं हा निव्वळ हलगर्जीपणा. हवेत मिथेन असला तर ठिपक्यावर फिकट निळी टोपी दिसते. सव्वा टक्क्याला ती सरावलेल्या डोळ्यालाच दिसते, तीन टक्क्यांना साधारण अर्धा इंच होते, चारला इंचाच्या आसपास जाते, आणि पाचच्या पुढे दिवाभर निळं पसरतं. तेल, वात आणि दिवा बदलला की ही मापं थोडी बदलतात. पाच ते पंधरा टक्के ही स्फोटाची कक्षा. साडेनऊच्या आसपास स्फोट सर्वांत जोरदार.

ब्रिटनच्या १९११ च्या कोळसा खाण कायद्यात अडीच टक्के वायू आढळला की ती जागा धोक्याची मानून माणसं बाहेर काढायची होती. उघड्या दिव्यांच्या खाणीत ही मर्यादा सव्वा टक्का होती.

दिवा निळा भरला की घाबरून झटका द्यायचा नाही, फुंकर तर नाहीच. झटक्याने ज्योत जाळीपार जाते. दिवा तसाच सावकाश खाली आणायचा आणि चांगल्या हवेत न्यायचा. आत वायू जळतच राहिला तर कोटाखाली घेऊन हवा तोडायची. उलट ज्योत लहान होत विझली तर तो जड ‘काळा वायू’, म्हणजे कार्बन डायॉक्साइड आणि नायट्रोजन. हवेतला प्राणवायू सतरा टक्क्यांच्या आसपास उतरला की दिवा मावळतो. माणूस तेव्हा अजून उभा असतो, पण तिथून मागे फिरायलाच हवं.

विजेचे दिवे १९१२ नंतर झपाट्याने पसरले. जाळीच्या दिव्याचा उजेड जेमतेम एका मेणबत्तीचा, आणि त्यात वर्षानुवर्षं काम करून बुबुळं थरथरण्याचा विकार जडे. विजेचा उजेड चांगला, पण तो वायू दाखवत नाही. म्हणून तपासनिसाच्या हातातला ज्योतीचा दिवा सुटला नाही.

१९०६ मध्ये फ्रान्समध्ये हजाराहून जास्त खाणकामगार एका स्फोटात गेले. वायू तर ठिकठिकाणी साचलेला असतो, मग स्फोट मैलोन्‌मैल कसा पसरला? (एक वाचक, कोल्हापूर)

१० मार्च १९०६, कूरिएर. मृत्यू १,०९९. हे काम वायूपेक्षा कोळशाच्या धुळीचं होतं, आणि त्या काळापर्यंत अनेक जाणते अभियंतेसुद्धा वायूशिवाय धूळ एकटी स्फोट चालवू शकते हे मानायला तयार नव्हते.

घडतं ते असं. कुठेतरी थोडा वायू पेटतो, किंवा सुरुंग छिद्रातून नुसताच बाहेर उडतो आणि लांब ज्वाळा टाकतो. त्या धक्क्याचा दाब ज्वाळेच्या पुढे धावतो आणि जमिनीवरची, खांबांवरची, छताच्या फळ्यांवरची बारीक धूळ उधळतो. मागून येणारी ज्वाळा त्या ढगात शिरते, तो जळतो, दाब आणखी वाढतो आणि पुढची धूळ उठते. म्हणजे स्फोट आपलं इंधन स्वतःच मांडत जातो. घनमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास धूळ उडाली तरी पुरते. जमिनीवर कागदाच्या जाडीचा थर असला तरी तेवढी निघते. पिठासारखी बारीक धूळ घातक, आणि ती वाऱ्याबरोबर उडून वरच्या फळ्यांवर जाऊन बसते, जिथे झाडू पोचत नाही. कोळशात उडून जाणारे घटक जितके जास्त, तितकी धूळ जास्त पेट घेणारी. अँथ्रासाइट या कठीण कोळशात ते फार कमी, म्हणून स्फोटाच्या बाबतीत त्याची धूळ जवळजवळ निरुपद्रवी.

पहिला उपाय पाण्याचा. कागदावर छान, प्रत्यक्षात त्रासाचा. कोळशाची धूळ पाणी सहज धरत नाही, थेंब तिच्यावरून घरंगळतात. वारा रस्ता काही तासांत सुकवतो. आणि छताला शेल (चिखलाचा बनलेला थरदार दगड) असेल तर ओलाव्याने तो फुगून ढासळतो.

खरा उपाय दगडाच्या पिठाचा. यॉर्कशायरमधल्या ऑल्टॉफ्ट्स खाणीत १८८६ मध्ये स्फोट झाला. जिथे रस्त्यावर दगडाची धूळ होती तिथे ज्वाळा थांबली, हे विल्यम गारफोर्थ यांनी हेरलं. १९०८ पासून तिथेच लोखंडी बोगदा उभारून त्यांनी प्रयोग केले. कूरिएरनंतर फ्रान्समध्ये ताफानेल यांनीही प्रयोग केले आणि आडव्या फळ्यांवर दगडपिठाचे ढीग रचायची पद्धत काढली : धक्का आला की फळ्या उलटतात आणि ज्वाळेसमोर पिठाचा पडदा उभा राहतो. दगडाचं पीठ जळत नाही, उष्णता मात्र पिऊन टाकतं. ब्रिटनमध्ये १९२० च्या नियमांनी रस्त्यावरच्या एकूण धुळीत न जळणारा भाग निम्म्याहून कमी नसावा असं ठरलं. पीठ चुनखडीचं किंवा शेलचं घ्यावं. वाळूच्या दगडाचं घेतलं तर स्फोट टळेल, पण सिलिका फुप्फुसात जाऊन माणूस सावकाश मरेल. शिवाय एकदा टाकून भागत नाही. कोळशाची नवी धूळ रोज वर बसते आणि वरचाच थर आधी उडतो.

कूरिएरहून तेरा जण वीस दिवसांनी जिवंत बाहेर आले. शोध त्याआधीच आटोपता घेतला होता. ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

कॅनरी पक्षी स्फोटाचा वायू ओळखत असत का? (एक वाचक, पुणे)

नाही. मिथेन विषारी नाही, त्याचा पत्ता दिव्याने लागतो. कॅनरी कार्बन मोनॉक्साइडसाठी. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ च्या, वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीच्या स्फोटातल्या मृतदेहांची तपासणी केली, तेव्हा बहुतेक माणसं धक्क्याने किंवा भाजून नव्हे, तर मागाहून पसरलेल्या या वायूने गेल्याचं दिसलं. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा अडीचशेपट ओढीने धरतं. वास नाही, रंग नाही, आणि दिवा नेहमीसारखा जळत राहतो.

लहान जीवाचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान, म्हणून वायू त्याच्या रक्तात लवकर भरतो. ०.१५ ते ०.२ टक्क्याला पक्षी काही मिनिटांत डुलू लागतो आणि दांडीवरून पडतो. बचाव तुकडीला मागे फिरायला तेवढा वेळ मिळतो. उंदीरही वापरत, पण उंदीर एरवीही मुटकुळं करून बसतो, पक्षी पडलेला लगेच दिसतो. चांगल्या हवेत आणल्यावर तो बहुधा सावरे. प्रमाण फार कमी असेल तर मात्र पक्षी धड दिसतो आणि तासन्‌तास राबणाऱ्या माणसाचे पाय लटपटतात. त्यामुळे पक्षी ठीक म्हणजे हवा ठीक, असं नव्हे.

हवा कमी पडली तर मोठा पंखा लावून भागत नसे का? (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, ठाणे)

इथे गणित आडवं येतं. रस्ता तोच ठेवून वारा दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो आणि शक्ती आठपट. ५० अश्वशक्तीच्या जागी ४०० लागणार. म्हणून शहाणा व्यवस्थापक पंख्याआधी रस्ते बघे : कुठे छत बसून वाट अरुंद झाली, कुठे कोळसा वाहायच्या रिकाम्या डब्यांनी वाट अडवली.

त्याहून मोठा फायदा वारा वाटण्यात. समजा सगळा वारा एकाच लांब फेरीने सगळ्या कामांवरून जातो. त्या फेरीच्या दोन सारख्या निम्म्या फेऱ्या केल्या तर प्रत्येकीत रोध (वाऱ्याला होणारा अडथळा) निम्मा आणि वारा निम्मा. दाब वाऱ्याच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे एकूण तेवढ्याच वाऱ्याला दाब आठव्या हिश्शाने पुरतो. शिवाय एका कामातला वायू आणि धूर दुसऱ्या कामावरच्या माणसांच्या नाकात जात नाही.

यात बिघाड होतो तो दारांपाशी. येणारा आणि जाणारा वारा जिथे शेजारी येतात तिथे दोन दारं लागतात, आणि त्यांच्यात डब्यांची अख्खी रांग मावेल एवढं अंतर हवं, नाहीतर दोन्ही एकदम उघडतात आणि वारा कामावर न जाता आखूड वाटेने परततो. दगड लावून उघडं ठेवलेलं एक दार खाणीचा अर्धा भाग गुदमरवू शकतं.

१९११ च्या कायद्याने पंख्याचा वारा उलटा फिरवायची सोयही मागितली होती. येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत आग लागली तर धूर माणसांवरून जाऊ नये म्हणून. वेल्समधल्या सेंगहेनिथ इथल्या युनिव्हर्सल खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट झाला, तेव्हा ही सोय तयार नव्हती. ४३९ कामगार आणि एक बचावकर्ता गेले. व्यवस्थापकाला दंड झाला २४ पौंड.

आपल्याकडच्या खाणींत हे दिवे होते का? आणि आमच्या भागातला कोळसा आपोआप पेटतो हे खरं का? (एक वाचक, चंद्रपूर)

राणीगंज आणि झरियाच्या बऱ्याच खाणी उथळ होत्या. तिथे वायू कमी, म्हणून कामं उघड्या तेलाच्या दिव्यांवर चालत. खाण तपासणी खातं १९०२ मध्ये सुरू झालं. पण उथळ खाणीत धूळ नसते असं थोडंच आहे? १९२३ मध्ये पारबेलियाला धुळीच्या स्फोटात ७४ जण गेले. पुढे कामं खोल गेली, वायू वाढला, आणि १९३६ मध्ये पोइडीला २०९ जण गेले.

कोळसा आपोआप पेटतो, हे खरं. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओलावा जास्त आणि हवेतला प्राणवायू तो चटकन घेतो. वरोऱ्याच्या सरकारी खाणीला, जी १९०६ मध्ये बंद झाली, या आपोआप तापण्याचा जाच होता. कोळसा ऑक्सिडीकरणाने तापतो. मोठ्या ढेकळांतून उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते आणि भरपूर वाऱ्यातही ती टिकत नाही. घातक परिस्थिती मधली : छत पेलायला सोडलेल्या आणि मग चिरडलेल्या कोळशाच्या खांबांचा चुरा आणि त्यातून झिरपणारी थोडीशी हवा. तेवढी हवा कोळसा तापवायला पुरते, थंड करायला नाही. ७०-८० अंशांच्या पुढे वेग आवरत नाही. आधी छताला घाम फुटतो, मग तेलकट गोडसर वास येतो. धूर दिसला म्हणजे उशीर झालेला असतो. उपाय म्हणजे तो भाग भिंतींनी बंद करणं, आणि हवा आत जाणारी बाजू व बाहेर येणारी बाजू अशा दोन्ही शक्य तितक्या एकाच वेळी. भिंतीला चीर राहिली तर ती आगीला अगदी हवी तेवढीच हवा पुरवते. झरियात १९१६ मध्ये दिसलेली आग आजही धुमसते आहे.

पृष्ठभागावर साठवतानाही हाच नियम. ढीग उंच करू नये, चुरा आणि ढेकळं एकत्र टाकू नयेत, जुन्या तापलेल्या ढिगावर नवा माल ओतू नये. ढिगात लोखंडी कांब खुपसून ठेवावी आणि रोज काढून हाताने बघावी. हात टेकवत नसेल तर तिथला कोळसा उकरून पसरून टाकावा. वरून पाणी शिंपडल्याने आतली ऊब जात नाही.