लेक म्हणते क्लायमेटमध्ये करिअर करणार, वडील म्हणतात बी.एड. कर : निपाणीकडच्या एका दादांना उत्तर

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. दादा निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला राहतात, अडीच एकर ऊस, मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स घेऊन, मार्क चांगले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा यांचा सगळा ऊस आठवडाभर पाण्याखाली होता, तेव्हापासून पोरीच्या डोक्यात हवामान बसलंय. आता ती म्हणते, देशानं जगाला हवामानाबद्दल जी वचनं दिलीत ती आणि शाश्वत विकासाची उद्दिष्टं यांचा मेळ घालायचं काम असतं, मला तेच करायचंय. दादांचं म्हणणं असं, की हे दिल्लीचं आणि फॉरेनचं काम, आमच्या पोरीला तिथं कोण विचारतंय, बी.एड. केलं तर शाळेत तरी लागेल. त्यात तिनं एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा शोधलाय, फी पावणेदोन लाख, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर.

आधी दोन गोष्टी सरळ सांगतो, मग कारणं. डिप्लोमाला एक रुपया भरू नका. आणि पोरीला अडवू पण नका.

ती जे म्हणते ते काम खरंच आहे, नुसतं फॅशनचं नाव नाही. २०१५ सालात दोन मोठे निर्णय झाले. सप्टेंबरात युनोमध्ये सगळ्या देशांनी १७ उद्दिष्टं मान्य केली, गरिबी, भूक, पाणी, आरोग्य, वीज, रोजगार सगळं त्यात, मुदत २०३०. त्यालाच एसडीजी म्हणतात. डिसेंबरात हवामान बदल रोखायचा पॅरिस करार झाला, त्यात प्रत्येक देशानं आपापलं वचन द्यायचं, ते एनडीसी. आपल्या देशानं ऑगस्ट २०२२ मध्ये आपलं वचन वाढवलं: २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रमाणात होणारं, हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं आणि वीज तयार करायच्या एकूण क्षमतेत निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांचा असला पाहिजे. जंगल आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषायचं वचन पहिल्यापासूनच आहे.

आता अडचण काय होते बघा. हवामानाचं वचन सांभाळतं पर्यावरण मंत्रालय, विकासाच्या उद्दिष्टांचा हिशोब ठेवतो नीती आयोग आणि त्याचे आकडे ठरवतं सांख्यिकी मंत्रालय. आपल्या कर्नाटकातपण तेच, हवामानाचा आराखडा बेंगळूरची एम्प्री ही संस्था करते आणि एसडीजीची फाइल प्लॅनिंग डिपार्टमेंटकडे. वाटण्या झालेले दोन भाऊ आणि विहीर मात्र एकच, असा प्रकार आहे हा. एकानं मोटर चालू केली की दुसऱ्याचं पाणी खाली जातं, आणि ते सांगणारा मधला माणूस नसतो. तुमची पोरगी तो मधला माणूस व्हायचं म्हणतेय.

हे दिल्लीचं काम आहे असं तुम्हाला वाटतं ना, मग तुमच्या उसाचंच घ्या. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं, आधी २०३० ची मुदत होती, ती २०२५ वर आणली आणि तेवढं गाठलंपण. तेल आयात कमी, उत्सर्जन कमी, कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात म्हणून ऊसबिल वेळेवर निघायची आशा. हवामानाच्या बाजूनं बघितलं तर सगळं चांगलंच आहे. पण इथेनॉलचा हा रोडमॅप ज्या रिपोर्टात आहे, नीती आयोगाचा २०२१ चा, त्यातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २८६० लिटर पाणी लागतं. म्हणजे तेरा नंबरचं उद्दिष्ट, हवामानाचं, पुढं सरकतं आणि सहा नंबरचं, पाण्याचं, मागं ओढलं जातं. आणि २०२३ ला काय झालं ते तुम्ही बघितलंयच, पाऊस दगा देऊन गेला, कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, उसाचं उत्पादन कमी येणार दिसल्यावर डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. डिस्टिलरीवर पैसे घातलेले कारखाने अडकले. मग मका पुढं आला, तर मक्याचा भाव चढला आणि कोंबडीखाद्यवाले ओरडायला लागले. एका वचनाचे धागे कुठं कुठं जातात बघा, पाणी, साखर, मका, अंडी, ऊसबिल. पहिल्या दिवशीच हे सगळं एका कागदावर मांडून ‘साहेब, ठिबक केल्याशिवाय नवीन डिस्टिलरीला पाणी पुरणार नाही’ असं आकड्यानिशी सांगणारा माणूस जिल्ह्याच्या पातळीवर लागतो. असे लोक फार थोडे आहेत, आणि त्यातले ऊस लावलेल्या घरातले तर अजूनच थोडे.

दुसरं उदाहरण रात्रीच्या करंटचं. आपल्याकडं १० एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, पण थ्री फेज येतो कधी, रात्री, मग बॅटरी घेऊन सरीत पाणी फिरवायला जायचं, साप-विंचवाची भीती ती वेगळीच. शेतीपंप सोलरवर न्यायच्या केंद्राच्या कुसुम योजनेत पंपाचा फीडरच, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइनच, सोलरवर घेतली तर दिवसा वीज मिळते. हवामानाचं वचन पुढं जातं, शेतकऱ्याचा जीव वाचतो, झोप होते, सरकारचं सबसिडीचं ओझं उतरतं. छानच आहे. पण दिवसा फुकट वीज मिळाली म्हणून पंप जास्त वेळ चालला आणि बोअर आटली तर? म्हणून सोलरबरोबर ठिबक, पाण्याची पातळी मोजणं, पीक बदल हे एकत्रच ठरवावं लागतं. याउलट पाचटाचं बघा, तोडणी झाली की आपण काडी लावून मोकळे होतो, तेच सरीत ठेवलं तर धूर नाही, ओल टिकते, जमीन सुधारते, एका कामात चार उद्दिष्टं. पण कुटी करायचं मशीन कोणाकडं आहे आणि भाडं किती, यावर सगळं अडतं. कुठं दोन्ही साधतं आणि कुठं एक साधताना दुसरं बिघडतं हे ओळखणं, तिच्या कामाचा गाभा तोच.

निपाणीत तर तंबाखू आणि बिडीचा प्रश्नपण आहे, आरोग्याच्या उद्दिष्टासाठी तंबाखू कमी व्हायला पाहिजे पण सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांच्या हाताला दुसरं काम काय, हे ठरवल्याशिवाय कमी करा म्हणायला तोंड उचलत नाही. बेळगावात उद्यमबागला फाउंड्र्या आहेत, युरोपनं बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादावर कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केलीय, १ जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसेपण लागू झालेत, त्यामुळं निर्यात करणाऱ्यांना भट्टीला किती वीज लागली आणि किती कोक जळला हे नीट मोजणारी माणसं लागणार. म्हणजे कामं आपल्या घराच्या आसपास पण आहेत.

आता तिचं स्टॅटिस्टिक्स. दादा, तिच्याकडची सगळ्यात मोठी ताकद तीच आहे आणि तिला स्वतःला ते कळलेलं दिसत नाही, पत्रावरून तरी तसंच वाटतंय. क्लायमेटवर तळमळीनं बोलणारी पोरं पुष्कळ आहेत, आकडे वाचणारी कमी. एकच नमुना देतो. २०२५ मध्ये बातमी आली की देशात विजेची निम्मी क्षमता कोळसा-गॅसच्या बाहेरची झाली, मुदतीच्या पाच वर्षं आधी. बातमी खरी आणि अभिमानाची आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी, सोलर रात्री चालत नाही, त्यामुळं प्रत्यक्ष विजेतला मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. हा फरक ज्याला दिसतो त्याला या क्षेत्रात मान आहे. डिप्लोमावाले तिला सुंदर स्लाइडी दाखवतील, सर्टिफिकेट देतील, ही नजर देणार नाहीत, ती एम.एस्सी.च्या दोन वर्षांत घासूनच येते.

म्हणून माझं मत असं. पोस्ट ग्रॅज्युएशन तिनं स्टॅटिस्टिक्स नाहीतर इकॉनॉमिक्समध्ये करावं, नावात क्लायमेट नसलं तरी चालेल. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडं फी आपल्या आवाक्यात आहे आणि निपाणीहून कोल्हापूर तर जवळच. अजून वर जायची तयारी असेल तर आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, त्यात स्टॅट आणि इकॉनॉमिक्स दोन्हीचे पेपर असतात, परीक्षा फेब्रुवारीत, फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुटतात. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट इकॉनॉमिक्ससाठी चांगली. बेंगळूरच्या अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीत घरच्या उत्पन्नावर स्कॉलरशिप मिळते, तिथला फॉर्म फी बघून घाबरून सोडू नका, आधी स्कॉलरशिपचं पान वाचा. महाराष्ट्रात काही प्रवेशांना सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय असते, तुमचं गाव यादीत आहे का आणि त्या कोर्सला ती लागू आहे का हे माहितीपुस्तिकेत बघून घ्या, नंतर दाखल्यासाठी पळापळ नको.

नोकरीचं खरं चित्रपण सांगतो, कारण तुमची काळजी रास्त आहे. या क्षेत्रातली सुरवातीची बरीच कामं प्रोजेक्टवर असतात, दोन-तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, बेंगळूर नाहीतर पुण्यात राहायचं, अधूनमधून फिल्डवर. बैफ, वॉटर (WOTR) यांच्यासारख्या गावांत काम करणाऱ्या संस्थांत पाणलोट आणि शेतीचं काम शिकायला मिळतं, पैसा मध्यम. कंपन्यांच्या बाजूला शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं मोठ्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक कामाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, तिथं पगार बरा. पण तुम्हाला पक्कं काहीतरी हवंय, तर दोन परीक्षा तिच्यासमोर ठेवा. एक, यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस, पदवीला स्टॅटिस्टिक्स असलं की पात्र, आणि एसडीजीचे आकडे ज्या मंत्रालयात तयार होतात ते याच लोकांचं. दुसरी नाबार्ड ग्रेड ए, शेती आणि ग्रामीण विकासाचा पेपर असतो, ग्रीन क्लायमेट फंड या हवामानाच्या कामासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचे पैसे देशात आणणाऱ्या संस्थांपैकी नाबार्ड एक आहे. म्हणजे सरकारी नोकरीची तुमची इच्छा आणि तिची आवड, दोन्ही एकाच वाटेवर बसतात. बी.एड. वाईट नाही, शिक्षकांबद्दल मला आदर आहे, पण ते नंतरपण करता येतं आणि मनात नसताना करून मराठी शाळेच्या जागेची वाट बघत बसणं तिच्यासारख्या पोरीसाठी बरोबर नाही.

अजून एक, जरा नाजूक. पोरगी मराठी मीडियमची, कन्नड बोलता येतं पण लिहिता येत नाही असं तुम्ही म्हणता. दादा, तिनं कन्नड लिहायला शिकलंच पाहिजे. जिल्हा पंचायतीची मीटिंग, तलाठ्याचा कागद, पंचायतीचा ठराव सगळं कन्नडमध्ये, राज्य सरकारच्या नोकरीलापण ते लागतं. यानं मराठीवरचं प्रेम कणभर कमी होत नाही. उलट वेदगंगेच्या पुराचं काही ठरवायचं तर कोल्हापूरच्या धरणातून पाणी किती सोडलं हे मराठीत विचारायचं आणि चिक्कोडीच्या ऑफिसात कन्नडमध्ये कळवायचं, हे करू शकणारी माणसं आपल्या सीमाभागातच तयार होतात. नदी राज्याची हद्द बघून येत नाही, आणि या बाबतीत आपल्या पोरांइतका अनुभव बेंगळूरच्या किंवा पुण्याच्या पोरांना नाही.

पैसे खर्च करायच्या आधी तिची आवड खरी आहे का हे बघायचं असेल तर या सुट्टीत एक काम द्या तिला. पंचायत राज मंत्रालयानं ती १७ उद्दिष्टं गावासाठी ९ विषयांत बसवलीत, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव वगैरे, आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा त्यावर करायचा असतो. तुमच्या पंचायतीचा आराखडा तिनं मागून घ्यावा. मग एका वहीत चार रकाने करावेत: काम कोणतं, पैसे किती, त्यानं पाणी-आरोग्य-रोजगार यातलं काय सुधारणार, आणि पूर किंवा दुष्काळ आला तर ते काम टिकणार का. गटार बांधली पण पुराचं पाणी तिच्यातूनच वस्तीत उलटं शिरतं, असलं काहीतरी तिला पहिल्या पानावरच सापडेल. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक आहेत, त्याचे आकडे राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राकडून मिळतात, तेपण जोडावेत. नंतर शेजारच्या दहा-बारा घरांत जाऊन विचारावं, पंप किती एचपी, करंट कधी येतो, पाचट जाळता का. लोक आधी हसतील, ‘काय ओ, सर्व्हेला आलीस काय’ म्हणतील, मग बसवून चहा देतील आणि सगळं सांगतील. महिनाभर हे करून तिला कंटाळा आला तर ते आत्ताच कळलेलं चांगलं. आणि रात्री जेवण विसरून आकडे मांडत बसली तर तुम्हीच ओळखाल.

वही भरली की फोटो काढून मला पाठवायला सांगा, मी बघून कोणत्या विषयाकडं वळावं ते नीट लिहीन, स्टॅट की इकॉनॉमिक्स हे त्यावरून बरंच कळतं. डिप्लोमावाल्यांचे फोन येत राहतील, ‘आज भरलं तर डिस्काउंट’ म्हणतील, त्यांना नाही म्हणून सांगा. आणि पोरीच्या आईचं काय मत आहे ते तुमच्या पत्रात कुठंच नाही, पुढच्या वेळी तेपण लिहा, बाहेरगावी राहायचं ठरवताना त्यांचं ऐकलं पाहिजे.