कंसात लिहिलेला विषय

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. मी 29 वर्षांची आहे, पिंपरीत एका कंपनीत अकाउंट्स पाहते. जन्म ख्रिस्ती घरातला. तान्हेपणी बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी दृढीकरण (आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी), रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठांतराची बक्षिसं, सगळं झालं. नोकरीसाठी इकडे आल्यावर एका मोठ्या प्रार्थना सभेत जाऊ लागले. तिथली गाणी, साक्षी, हात उंचावून केलेली प्रार्थना यांनी भारावून जायचे. मग पप्पांच्या किडन्या गेल्या. चौदा महिने डायलिसिस चाललं. सभेने उपवास केले, 'बरे होणारच' असं सांगितलं. या फेब्रुवारीत पप्पा गेले. आठ दिवसांनी सभेतले एक पुढारी मला म्हणाले, "तुमच्या घराचा विश्वास कमी पडला." तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की आतून काहीच येत नाही. माझा पायाच कच्चा होता का? आता तो पहिल्यापासून कसा घालायचा? (भावाशीही हॉस्पिटलच्या बिलावरून बोलणं बंद आहे, पण तो वेगळा विषय.)
— एक वाचक भगिनी, पिंपरी

उत्तर : मुली, सलाम. तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी त्या 'विश्वास कमी पडला'चं बघू. तो धोंडा छातीवर असताना पाया-बिया काही खणता येणार नाही.

येशूच्या काळात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली. लूकाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, 13व्या अध्यायात आहे ते. लोकांचा हिशेब ठरलेला : मेले, म्हणजे काहीतरी केलं असणार. येशूने विचारलं, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा हे जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि उत्तरही त्यानेच दिलं, नाही. लाजर गेला तेव्हा त्याच्या बहिणीने, मार्थाने, तर येशूला तोंडावर ऐकवलं की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्यावर 'तुझाच विश्वास कमी पडला' असं तो म्हणाला नाही. थोड्या वेळाने तो रडला. त्या पुढाऱ्यांनी हे वाचलं नसेल असं नाही. पण चौदा महिने 'बरे होणारच' म्हटल्यावर ते कुणाच्या तरी अंगावर ढकलावं लागतं. तुझ्या अंगावर ढकललं. तू ते घेऊ नकोस.

आता पाया. माझे वडील नेवासे तालुक्यात गवंडी होते. मी पाळक झालो तो पुढे, त्याआधी शाळेच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली पाट्या वाहिल्यात. त्यामुळे येशूने सांगितलेला खडकावरच्या घराचा दाखला (पुरात खडकावर पाया घातलेलं घर टिकलं, दुसरं पडलं) वाचला की मला एकही प्रवचन आठवत नाही, पहार आठवते. आमच्याकडची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. असल्या मातीवर घर बांधलं तर वादळाची वाट बघावी लागत नाही. मातीच दरवर्षी घराला थोडं उचलते आणि थोडं खाली सोडते. वडील काळी संपेपर्यंत खणत. खाली पिवळट माती लागे, मग मुरूम. मुरूम लागला की पहार उभी आपटायची आणि कान द्यायचा. 'धप्' झालं तर अजून हातभर खाली. 'ठण्ण' झालं की मला म्हणायचे, "आता चहा आण."

एका घरमालकाने त्यांना तीन फुटांवरच थांबायला सांगितलं. पैसा जमिनीत पुरायची त्याची तयारी नव्हती. वडिलांनी काम सोडलं, दुसऱ्याने केलं. घर देखणं झालं, समोर नक्षीचा कठडा वगैरे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. आमच्याच मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं कुटुंब, त्यामुळे नाताळला घर रंगवायचंच. दर नाताळला ते ती भेग बुजवत, आणि पुढच्या वर्षी ती बरोबर तिथूनच डोकावे.

लूकाच्या 6व्या अध्यायातल्या दाखल्यात वाळू नाहीच, हे कधी लक्षात आलंय तुझ्या? वाळू मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, तिथे दुसरं घर वाळूवर बांधलेलं. लूकाकडे एकाने खोल खणलं, आणि दुसऱ्याने पाया न घालता मातीवरच घर उभं केलं. मला हे घर नेवाशातलं वाटतं. मत्तयाची वाळू वाचली की येशूच्या देशातले ओढे डोळ्यांपुढे येतात. उन्हाळ्यात कोरडे, सपाट, बांधायला सोयीचे, आणि हिवाळ्यातला पाऊस आला की घटकेत लोंढा. पण दाखला कुठलाही घे, पूर दोन्ही घरांना आला आहे. तुझ्या घरी पूर आला एवढ्यावरून तुझा पाया कच्चा ठरत नाही. आणि वचनही दोघांनी ऐकलं होतं. एकाने ऐकून तसं केलं, दुसऱ्याने ऐकलं आणि घरी गेला.

करायचं काय, हेही मोघम सोडलेलं नाही. मत्तयात हा दाखला डोंगरावरच्या प्रवचनाच्या अगदी शेवटी येतो. म्हणजे दाखल्याच्या सुरुवातीला 'ही माझी वचने' म्हणताना येशूच्या मनात मागचं सगळं बोलणं आहे : 5 ते 7 हे तीन अध्याय, 111 वचनं. एका बैठकीत वाचून होतात. त्यात गाण्याबद्दल काही नाही. (गाणाऱ्यांवर माझा राग नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांची भजनं मीही पेटीवर घसा बसेपर्यंत म्हटलीत.) त्यात आहे ते असलं : दान करशील तर डाव्या हाताला कळू देऊ नको. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, तर आधी आपलं मुसळ बघ. उद्याची चिंता करू नको. आणि 5व्या अध्यायात, अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर.

तू कंसात लिहिलंस, 'तो वेगळा विषय.' मला विचारशील तर पायाची फक्की (खणण्याआधीची चुन्याची आखणी) मी तिथेच मारीन.

प्रार्थनेत मन भरून येत नाही म्हणून पाया गेला असं तू धरून चालली आहेस. मन भरून यावं, मलाही आवडतं. पण तो गिलावा झाला, त्याचं काम शेवटी येतं. आमचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा असताना मेंदूज्वराने गेला. तेव्हा मी एका मंडळीचा पाळक होतो. पुढे सात-आठ महिने मी वेदीपुढे छापील प्रार्थना वाचल्या, माझी स्वतःची एकही नाही. त्या दिवसांत 88वं स्तोत्र हाती लागलं. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुती नाही की आभार नाहीत. असली प्रार्थनाही पवित्र शास्त्रात ठेवली आहे, हे बघून मला हायसं वाटलं. बाकी एकच गोष्ट मी सोडली नाही. मंडळीतल्या एका आजोबांना अर्धांग झालं होतं, दर शनिवारी त्यांची दाढी करायला जायचो. साबण, वस्तरा, वाटीत गरम पाणी. जाताना मनात भक्ती वगैरे काही नसायची, वार ठरलेला म्हणून जायचो. एका शनिवारी, जीभ वळत नव्हती तरी, त्यांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं. मी फेस लागलेल्या हातांनी त्यांच्या अंगणात बसून रडलो. प्रार्थना परत आली ती त्यानंतर. पहिल्यासारखी नाही आली, जरा कमी बोलकी आली.

'पहिल्यापासून' म्हणतेस, तेही मला पटत नाही. पडक्या घराचे दगड वडील कधी फेकत नसत, नव्या पायात भरत. तुझा बाप्तिस्मा, शब्बाथ शाळेतलं पाठांतर, पप्पांनी रात्री घेतलेली प्रार्थना, हे मोडीत काढू नको. आणि खडक तुला तयार करायचा नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय की पाया घातलेलाच आहे, तो येशू ख्रिस्त. आपल्याकडे काम उरतं वरची माती काढण्याचं, आणि त्याला वेळ लागतो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा. नवऱ्याने उडी घेतली म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतली नाही. सोवळंओवळं एकेक करत सुटलं, मनाला पटेल तेवढीच पावलं त्या पुढे गेल्या. ती मधली पाच वर्षं मी खणण्यात धरतो.

तर भावाला फोन कर. तू अकाउंट्स पाहतेस म्हणून मुद्दाम सांगतो, बिलापासून सुरुवात करू नकोस. कुणी किती भरले तो कागद ड्रॉवरमध्ये राहू दे. पप्पांबद्दल बोल. तो फोन उचलणार नाही कदाचित, किंवा उचलून ओरडेल. समेट होईलच असं प्रभूने कबूल केलेलं नाही, जा एवढंच सांगितलंय. रात्री शब्द सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हण, ती तर तुला झोपेतही येत असेल. आपल्या मराठीत तिथे 'ऋण' हाच शब्द आहे : आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे सोड. त्या ओळीवर अडशील. अडलीस तर घाईने पुढे जाऊ नको, त्या रात्री प्रार्थना तिथेच थांबली तरी चालेल.

पप्पांच्या कबरेवरचा दगड अजून बसवला नसेल तर हा पावसाळा जाऊ द्या. माती बसायला तेवढा वेळ लागतोच, आधी बसवलात तर एका बाजूला कलतो. दिवाळीनंतर दगड पसंत करायला जाल तेव्हा दोघं मिळून जा. गेलात की मला एक कार्ड टाक.