तुमचे प्रश्न: ओत्झीच्या खांद्यातला बाण दहा वर्षं कुणाला दिसला नाही

मागच्या अंकात ओत्झीवर अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं. आल्प्सच्या बर्फात सापडलेला ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, आता इटलीतल्या बोल्झानोच्या म्युझियममध्ये आहे, एवढंच होतं त्यात. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की ह्या वेळचं सदर त्याच्याच नावावर करून टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आपला प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तर रागावू नका.

ताई, आधी तो कुणी हरवलेला गिर्यारोहक वाटला होता म्हणता, मग ५३०० हा आकडा आला कुठून? हजारभर वर्षं इकडेतिकडे नसतील कशावरून?

आधी गिर्यारोहकच वाटला, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. १९ सप्टेंबर १९९१ ला हेल्मुट आणि एरिका सिमोन हे जर्मन जोडपं ओएत्झटाल आल्प्समध्ये भटकत होतं, ३२१० मीटरवर, टिसेनयोख खिंडीजवळ, आणि वितळत्या बर्फातून वर आलेलं डोकं नि पाठ त्यांना दिसली. तिथे अधूनमधून अपघातात गेलेल्यांचे देह सापडतात, त्यामुळे हाही तसाच धरला आणि काढायला चक्क हवेवर चालणारा ड्रिल वापरला. डाव्या कमरेला त्याने जखम झाली, ओढाताणीत धनुष्य मोडलं. मला हे दर वेळी वाचताना पोटात कालवतं. पण त्या माणसांना काय माहीत!

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला नेल्यावर कोनराड श्पिंडलर ह्या पुरातत्त्वज्ञांनी त्याच्यासोबतची कुऱ्हाड बघितली आणि हा किमान ४००० वर्षं जुना आहे असं तिथल्या तिथे सांगितलं. नक्की आकडा नंतर कार्बन-१४ वरून आला. आपण जिवंत असेपर्यंत खाण्यातून शरीरात कार्बन येत राहतो, त्यात किंचित कार्बन-१४ असतो, मेल्यावर आवक बंद होते आणि असलेला कार्बन-१४ हळूहळू घटत जातो, ५७३० वर्षांत निम्मा होतो. ओत्झीत निम्म्यापेक्षा थोडा जास्त शिल्लक होता. झुरिक आणि ऑक्सफर्ड अशा दोन लॅबनी वेगवेगळं मोजलं आणि उत्तर जुळलं, इसवी सनापूर्वी ३३५० ते ३१००. म्हणजे हजार वर्षांचा घोळ नाही, अडीचशेचा आहे. आणि तो मशीनमुळे नाही, हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं म्हणून. ते झाडांच्या खोडातल्या वर्षवलयांशी ताडून बघावं लागतं आणि नेमका त्या काळात तो आलेख वरखाली होतो, म्हणून एकाच मापाला दोन-तीन तारखा बसतात.

हिमनदी तर सरकत असते, वाटेतलं सगळं भरडून काढते. मग हा एवढी वर्षं अख्खा कसा राहिला?

प्रश्न एकदम बरोबर आहे. पूर्वी उत्तर असं द्यायचे की तो खडकातल्या एका घळीत पडला, लगेच बर्फाखाली गेला, वरून हिमनदी सरकत राहिली आणि तो खाली १९९१ पर्यंत सीलबंद. मीही हेच वाचत मोठी झालेय.

पण २०२२ मध्ये लार्स पिलो ह्या पुरातत्त्वज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला तेव्हा हे चित्र काही टिकलं नाही. घळीत जी पानं, गवत, जनावरांची लेंडकं वगैरे सापडली त्यांच्या तारखा एकसारख्या नाहीत, काही ओत्झीच्या आधीच्या, काही नंतरच्या. म्हणजे ती जागा अधूनमधून उघडी पडत होती. त्यांचं म्हणणं असं की तो घळीबाहेर बर्फावर मेला आणि नंतर बर्फ वितळताना सामानासकट घसरत खाली आला, आणि तिथला बर्फ सरकणारा नव्हताच, खडकाला धरून बसलेला होता. मला हेच पटतं, कारण देहावरही खूण आहे ना! त्वचेचा वरचा थर निघालाय, केस आणि नखं गळून पडलीत, आणि हे पाण्यात राहिल्यावर होतं. कोरड्या थंडीने शरीरातला ओलावा ओढून घेतला, जंतूंना काम करता आलं नाही, म्हणून आतले अवयवसुद्धा शिल्लक राहिले, पण वाटेत तो भिजलाही आहे.

एवढे डॉक्टर, एक्सरे, सीटी स्कॅन, आणि खांद्यातला बाण दहा वर्षं कुणाला दिसला नाही? हा हलगर्जीपणा नाही का?

ह्या प्रश्नावर जरा जास्त लिहिते, कारण ओत्झीच्या सगळ्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

बघा, इन्सब्रुकला एक्सरे आणि सीटी दोन्ही झाले होते. पण तोपर्यंत त्याच्या मरणाची एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, थकलेला माणूस, वादळात सापडला, आडवा झाला, गोठून गेला. बघणारे त्या गोष्टीतल्या खुणा शोधत होते, त्यात बाण बसतच नव्हता, मग तो शोधणार कोण? आणि टोक तरी केवढं, दोनेक सेंटिमीटरचं दगडी, तेही खांद्याच्या हाडांच्या गर्दीत.

२००१ मध्ये बोल्झानोला पाउल गोस्टनर हे रेडिओलॉजिस्ट पुन्हा एक्सरे काढत होते, तेव्हा डाव्या खांद्यात त्यांना हाडापेक्षा दाट असा एक ठिपका दिसला. सीटीने नक्की झालं, चकमकीच्या दगडाचं बाणाचं टोक. मग पाठीवर बघितलं तर बाण आत शिरल्याची छोटीशी जखम तिथे होतीच, इतकी वर्षं सगळ्यांच्या समोर. पुढे जास्त बारीक सीटी झाला आणि २००७ मध्ये छापून आलं की त्या टोकाने हंसळीच्या हाडाखालून हाताकडे जाणारी मोठी धमनी फाडली होती. तिथून रक्त सुटलं की माणूस फार वेळ टिकत नाही. उजव्या हातावर अंगठ्याजवळ खोल घाव आहे, पण तो भरायला लागला होता, म्हणजे मरणाच्या काही दिवस आधीचा, तेव्हाही कुणाशी तरी झटापट झाली असणार. डोक्यालाही मार आहे.

म्हणजे देह तोच, बाण तिथेच, बदललं काय तर बघणाऱ्याने डोक्यातली गोष्ट बाजूला ठेवून बघितलं. हलगर्जीपणा म्हणून मी त्यांना दोष देणार नाही, पण आपल्याला उत्तर माहीत आहे असं वाटलं की डोळे कसे बंद होतात ते ह्यात दिसतं. आणि एक, कुऱ्हाड त्याच्याजवळच राहिली. ९९.७ टक्के शुद्ध तांबं, त्या काळी केवढी मोलाची वस्तू! आणि त्या तांब्याचं खनिज थेट इटलीतल्या दक्षिण टस्कनीतलं होतं हे २०१७ मध्ये त्यातल्या शिशाच्या आयसोटोपवरून, म्हणजे शिशाच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, कळलं. मारणाऱ्याने ती उचलली नाही, त्यामुळे हे लुटीसाठी झालं असं मला तरी वाटत नाही.

माझी नातू-नात दोघं विचारतात, तो शेवटी काय जेवला होता आणि ते पोटात अजून कसं राहिलं? शिवाय पोटातून तो कुठून कुठे गेला हे कळतं म्हणे, ते खरं का?

काकू, अगदी खरं, आणि मुलांना सांगायला मस्त गोष्ट आहे.

गंमत अशी की जठर बरीच वर्षं सापडतच नव्हतं. देह आकसताना ते जागेवरून सरकून वर बरगड्यांखाली, फुफ्फुसांच्या खालच्या भागाजवळ गेलं होतं. २००९ मध्ये जुने सीटी नव्याने बघताना ते सापडलं आणि भरलेलं निघालं! मग नोव्हेंबर २०१० मध्ये काही तासांपुरता देह वितळवून नमुने घेतले, एकूण १४९. आतलं अन्न ओळखलं ते सूक्ष्मदर्शकाने, डीएनएने आणि त्यातल्या प्रथिनांवरून. आयबेक्स म्हणजे आल्प्समधली रानबकरी, तिचं मांस आणि भरपूर चरबी, लाल हरणाचं मांस, आइनकॉर्न नावाचा जुना गहू आणि थोडे ब्रॅकन नेच्याचे अंश. नेचा विषारी असतो, जेवण पानात गुंडाळलं म्हणून गेला असेल किंवा औषध म्हणून खाल्ला असेल, कारण त्याच्या आतड्यात जंतांची अंडीही सापडलीत. चरबी इतकी का, तर एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत चढायचं तर ताकद त्यातूनच मिळणार. आणि हे जेवण पचायला सुरुवात होते न होते तोच तो मेला.

आता प्रवासाचं. माणूस श्वासातून, पाण्यातून, अन्नातून परागकण गिळत असतो आणि ते अन्नासोबत आतड्यातून पुढे सरकतात, म्हणून आतड्याच्या शेवटाकडून वर वर बघत गेलं की वेळ उलगडत येते. इन्सब्रुकचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउस ओएग्ल यांनी हेच केलं. सगळ्यात आधीच्या भागात उंचावरच्या पाइन-स्प्रूसचे कण, मग खालच्या खोऱ्यात वाढणाऱ्या हॉप हॉर्नबीमचे, मग पुन्हा उंचावरचे. म्हणजे शेवटच्या दीड-दोन दिवसांत हा माणूस वरून खाली खोऱ्यात उतरला आणि परत वर चढला, आणि वर त्याच्यावर बाण आला. हॉर्नबीमचे कण इतके ताजे होते की त्यांच्या आतला जीवद्रव्याचा भागही टिकला होता, म्हणजे झाड फुलावर असतानाच गिळलेले, म्हणजे वसंत किंवा उन्हाळ्याची सुरुवात. आधी सगळे म्हणायचे तो शरद ऋतूत गेला, ते एका झाडाच्या परागकणांनी बदललं! नातवंडांना हे नक्की सांगा.

त्याचा पुतळा बघितला फोटोत, गोरा, लांब केस. आता म्हणतात सावळा आणि टकला होता. दर दहा वर्षांनी बदलणार असेल तर विश्वास कशावर ठेवायचा?

तुमचा वैताग कळतो, पण बदल का झाला ते बघा. पहिला जिनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, २०१२ मध्ये आला. तपकिरी डोळे, ओ रक्तगट, दूध न पचणं, हृदयविकाराकडे कल, हे त्यातून कळलं, आणि त्याच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या सीटीतही दिसत होत्या, त्यामुळे ते दोन बाजूंनी पक्कं झालं. पण त्या नमुन्यात आजच्या माणसांचं डीएनए मिसळलेलं होतं. २०२३ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटने आणि बोल्झानोच्या संशोधकांनी मिळून जास्त स्वच्छ जिनोम काढला तेव्हा कळलं की त्याचे ९० टक्क्यांहून जास्त पूर्वज अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, युरोपात आलेले सुरुवातीचे शेतकरी होते, त्वचा सावळी होती आणि टक्कल पडण्याची जनुकं होती. आणि देहाचा रंग तर गडद आहेच की. तो बर्फामुळे काळवंडला असं समजून सगळे सोडून देत होते, इथेही तेच, समोर असलेलं दिसलं नाही. पुतळा २०११ चा आहे, तेव्हा जे माहीत होतं त्यावर केलेला. म्हणून विश्वास ठेवायचा तो नमुना किती स्वच्छ होता ह्यावर.

अंगावर गोंदण होतं ते देवाधर्माचं का?

एकूण ६१ खुणा आहेत, साध्या रेघा आणि क्रॉस, काजळीच्या. बऱ्याचशा कमरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर, जिथे सांधे झिजलेत तिथेच, त्यामुळे दुखण्यावरचा उपचार असावा असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही तेच जवळचं वाटतं. पण छातीवरच्या खुणा २०१५ मध्ये वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढले तेव्हाच दिसल्या, त्यामुळे सगळं दुखण्याच्याच खात्यात टाकू नये.

ओत्झीचा शाप खरा आहे का?

त्याला हात लावणारे लवकर मरतात, ही ती गोष्ट. खरी नाही. शेकडो माणसांनी त्याच्यावर काम केलंय, तीस वर्षांत त्यातली काही वारणारच.

मेलेल्या माणसाला काचेमागे ठेवून लोकांना दाखवणं बरोबर आहे का? आणि पुन्हा पुन्हा कापून नमुने घ्यायचे?

ह्यावर मी खूप विचार केलाय. तो वस्तू नाही, माणूस आहे, पंचेचाळिशीतला, गुडघे दुखत असलेला, पाठीत बाण लागून मेलेला. म्हणून तमाशा नको हे मला मान्यच आहे. पण बोल्झानोत तसं ठेवलेलंही नाही. थंड खोलीला फक्त ४० बाय ४० सेंटिमीटरची खिडकी आहे, एका वेळी थोडेच जण वाकून बघू शकतात. हवं तर ती न बघता बाकी म्युझियम बघून निघताही येतं, त्याची टोपी, बूट, बाणांचा भाता, अर्धवट राहिलेलं धनुष्य.

कापण्याबद्दल म्हणाल तर आता उलट आहे. २०१० सारखं वितळवणं रोज होत नाही, घेतलेले नमुने जपून ठेवतात आणि त्यांवरच काम चालतं. नवा प्रश्न आला की आधी विचारायचं, देहाला हात न लावता भागेल का? १९९१ ला ड्रिल लावला होता आणि आज एक केस हलवायचा तरी परवानगी लागते, ह्यात बरंच आलं.

आणि रोजची काळजी म्हणाल तर खोलीत उणे ६ अंश तापमान आणि ९९ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात, बर्फात होता तसंच. तरी ओलावा उडतोच, म्हणून देह वजनकाट्यावर ठेवलाय आणि वजन उतरतंय का त्यावर सतत लक्ष असतं. ठरावीक महिन्यांनी कुणीतरी आत जातं, त्याच्या अंगावर निर्जंतुक पाण्याचा बारीक फवारा मारतं, ते पाणी गोठून पातळ बर्फाचा थर होतो, आणि दार पुन्हा लावून घेतात.