रिपोर्टवर ‘डायल्यूट’ आलंय, पण मुलानं काही केलेलं नाही

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. जहाजावर जाण्याआधीच्या मेडिकलमध्ये त्याच्या लघवीच्या ड्रग टेस्टचा रिपोर्ट ‘डायल्यूट’ आला. लघवी होईना म्हणून तो बसल्याबसल्या दोन बाटल्या पाणी प्यायला होता. कंपनीनं पुन्हा नमुना मागितलाय. त्याला लबाड ठरवलंय का?
– एक आई, लालबाग

उत्तर : नाही हो ताई. डायल्यूट म्हणजे पातळ, एवढंच. परळच्या एका लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं हेच नमुने तपासले, म्हणून खात्रीनं सांगते.

नमुना आला की ड्रग शोधण्याबरोबरच ही खरोखर माणसाची लघवी आहे का, तेही बघतात. त्यासाठी क्रिएटिनिन मोजतात. स्नायूंच्या रोजच्या कामातून ते तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. पाणी खूप प्यायलं की ते विरळ होतं. अमेरिकेच्या सरकारी नियमांत डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली क्रिएटिनिन आणि सोबत घनताही कमी, तर डायल्यूट. क्रिएटिनिन 2 च्याही खाली असेल आणि घनताही माणसाच्या लघवीशी जुळत नसेल, तर मात्र नमुना बदललेला मानतात. काही मिसळलं असेल तर पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, बिघडतो, किंवा नायट्राइट, क्रोमियम असलं काही सापडतं. त्याला रिपोर्टमध्ये ‘अडल्टरेटेड’ असा वेगळा शब्द असतो. तुमच्या मुलाच्या रिपोर्टवर तो नाही.

कपाच्या बाहेर तापमानाची पट्टी असते. चार मिनिटांच्या आत ती 32 ते 38 अंश दाखवायला हवी. एकदा एका ड्रायव्हरच्या कपावर काहीच उमटलं नाही. सहकारी लगेच म्हणाला, लिही संशयास्पद. मी त्या माणसाला बसवून विचारलं. बाईच्या हातात कप द्यायला लाजून तो दहा मिनिटं एसीखाली उभा राहिला होता! दुसरा नमुना आमच्या पुरुष सहकाऱ्यानं घेतला, पट्टीवर हिरवा ठिपका लगेच आला. त्या दिवशी मी घाईनं लिहिलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. हे मी कधी विसरले नाही.

आता मुलाला सांगा, सकाळची वेळ घे, पाणी नेहमीसारखंच पी, उगाच ढोसू नकोस. खोकल्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवायला सांगा. काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं, त्याचं शरीरात मॉर्फिन होतं आणि पहिल्या चाचणीत ते अफूसारखंच दिसतं. अशा वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे नेमका पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर, पक्की तपासणी झाली का, हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. आणि बाटलीवर सील त्याच्या डोळ्यांदेखत लागू दे. लेबलवरचा नंबर फॉर्मवरच्या नंबराशी ताडून बघूनच त्यानं सही करावी.