एटीव्ही शेतातली, अपघात रस्त्यावरचा

प्रश्न : आमची फळबाग डोंगरउतारावर दोन तुकड्यांत आहे. मधून ग्रामपंचायतीचा डांबरी रस्ता जातो. बागेतल्या फेऱ्यांसाठी मागच्या वर्षी एका पर्यटन व्यावसायिकाकडून जुनी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, फुगीर टायरांची उघडी चारचाकी) घेतली. ‘ही ऑफ-रोड गाडी आहे, रस्त्याची नाहीच, त्यामुळे पासिंग, इन्शुरन्स काही लागत नाही,’ असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं होतं. गेल्या आठवड्यात माझा सोळा वर्षांचा भाचा माझ्या मुलीला मागे बसवून एका तुकड्यातून दुसऱ्यात निघाला आणि रस्ता ओलांडताना पायी चाललेल्या एका बाईंना धडक बसली. त्यांचा पाय मोडला. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. गाडी पोलिसांनी ठेवून घेतली आहे, माझा जबाब व्हायचा आहे. भाचा दर सुट्टीत गाडी चालवतो आणि चांगली चालवतो. त्याच्याकडे बिनगिअरच्या दुचाकीचं लर्निंग लायसन्सही आहे. काही जण सुचवतात की आमचा गडी चालवत होता असं सांगा, त्याच्याकडे पक्कं लायसन्स आहे. विमा आता काढला तर चालेल का? आणि पोराचं पुढे काय?

उत्तर : तुमचा जबाब व्हायचा आहे, म्हणून आधी गड्याचं बघू. हा विचार आजच सोडा. आता निष्काळजीपणाचा आणि वाहन कायद्याचा गुन्हा आहे. गड्याला पुढे केलंत की खोटी माहिती देऊन आरोपीला वाचवल्याचा दुसरा गुन्हा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा, आधीच्या गुन्ह्यावर चढतो आणि तो तुमचा स्वतःचा असतो. शिवाय ज्या बाईंना धडक बसली त्यांनी चालवणारा पोरगा पाहिला आहे. मागे तुमची मुलगी बसली होती. तिला उलटतपासणीत उभं करायची तयारी आहे का? आणि पगारावर राबणाऱ्या माणसाच्या गळ्यात आपल्या घरची केस बांधणं मला वकील म्हणूनही नको वाटतं आणि माणूस म्हणूनही.

विम्याचं उत्तरही तेवढंच छोटं आहे. पॉलिसी ज्या दिवशी, ज्या वेळेला सुरू होते तिथून पुढचीच जोखीम ती उचलते. अपघात लपवून आता काढलीत तर ती फसवणूक ठरेल आणि या दाव्यात तिचा छदामही मिळणार नाही.

आता त्या व्हॉट्सॲपवरच्या वाक्याकडे येऊ, कारण तुमची सगळी अडचण त्यातून उगवली आहे. विकणाऱ्याने अर्धं खरं सांगितलं. ही गाडी रस्त्याची नाही, हे बरोबर. पण त्याचा अर्थ तुम्ही ‘म्हणून कागद लागत नाहीत’ असा घेतलात. कायदा त्याचा अर्थ ‘म्हणून रस्त्यावर चाक टेकवायचं नाही’ असा घेतो. रस्त्यावरून लांबवर गेलात की तो आडवा ओलांडलात, याने फरक पडत नाही. आठ-दहा पावलांची रुंदी असली तरी तो रस्ताच.

एटीव्ही मुळात ‘मोटार वाहन’ आहे का, हा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे आणि तुमचा वकील तो न्यायालयात मांडेलही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधली व्याख्या म्हणते की रस्त्यावर वापरण्याजोगं, यंत्रशक्तीवर चालणारं ते मोटार वाहन. त्यातून वगळलंय काय? रुळांवरून धावणारी वाहनं, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी केलेली खास प्रकारची वाहनं, आणि चारपेक्षा कमी चाकं व पंचवीस सीसीपर्यंतचं इंजिन असलेली वाहनं. तुमच्या गाडीला चार चाकं आहेत, म्हणजे शेवटची पळवाट गेली. रुळांचा प्रश्नच नाही. उरलं बंदिस्त आवार. तिथे वाक्यातला ‘फक्त’ महत्त्वाचा. गाडी कुठे वापरता यापेक्षा ती कशाजोगी बनली आहे, हे पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या बोलानी ओअर्स प्रकरणात ‘रस्त्यावर वापरण्याजोगं’ म्हणजे रस्त्यावर चालू शकेल असं, हा अर्थ लावला. २००१ च्या बोस अब्राहम प्रकरणात उत्खनन यंत्रं आणि रोडरोलर हीसुद्धा मोटार वाहनं ठरली, ती बंदिस्त आवारात वापरली जातात हा बचाव चालला नाही. रोडरोलर जिथे सुटला नाही, तिथे चार फुगीर टायरांवर दुडकणारी एटीव्ही सुटेल असं मी अशिलाला सांगणार नाही. आणि समजा सुटली, तरी मोटार वाहन कायद्याची कलमं गळतील. बाईंचा मोडलेला पाय, निष्काळजीपणाचा गुन्हा आणि दिवाणी भरपाई जागच्या जागीच राहतील.

आणखी एक बारकावा, जो वर्तमानपत्री सल्ल्यात सहसा येत नाही. लायसन्सचं कलम ३ आणि विम्याचं कलम १४६ ‘सार्वजनिक ठिकाणा’पुरतं बोलतात. नोंदणीचं कलम ३९ मात्र ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ असं म्हणतं. म्हणजे गाडी कुंपणाच्या आत फिरवली तरी नोंदणीचा मुद्दा संपत नाही. सार्वजनिक ठिकाणाची व्याख्याही ऐसपैस आहे : लोकांना जाण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा, मग ती वाट पुढे कुठे जात असो वा नसो. तुमच्या बागेतून शेजाऱ्यांची वहिवाट असेल, तर ती वाटही याच व्याख्येत धरली जाऊ शकते.

या सगळ्यात भाच्यापेक्षा तुम्ही जास्त अडकला आहात, हे पत्र लिहिताना तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेपूर काळजी घेतली होती’ एवढेच दोन बचाव, आणि ते तुम्हीच शाबित करायचे. आता तुमच्याच पत्रातलं वाक्य पुन्हा वाचा : भाचा दर सुट्टीत ती चालवतो. दोन्ही बचाव तिथेच गेले. जबाबात हे लपवा असं मी म्हणत नाही. पण ‘चांगली चालवतो’ हे कौतुक म्हणून सांगायला जाऊ नका, कारण त्याचा अर्थ मी कायम परवानगी देत होतो, असाच होतो. जबाबापूर्वी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला एकदा भेटा आणि अटकपूर्व जामिनाची गरज आहे का, हे कागद दाखवून विचारा.

लर्निंग लायसन्सचा इथे उपयोग नाही. अल्पवयीनाकडे शिकाऊ परवाना असेल तर कलम १९९अ लागत नाही, हे खरं, पण ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना आहे तेच वाहन तो चालवत असला पाहिजे. सोळाव्या वर्षी कायदा पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचीच मुभा देतो. बाकी सगळ्याला किमान अठरा पूर्ण लागतात. याखेरीज बिननोंदणी वाहनासाठी कलम १९२ चा दोन ते पाच हजारांचा, विना परवाना माणसाच्या हाती गाडी दिल्याबद्दल कलम १८० चा पाच हजारांचा आणि बिनविम्यासाठी कलम १९६ चा दोन हजारांचा दंड आहे. शेवटच्या दोन्हींत तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

पोराचं काय? प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तुरुंगाची भीती मनातून काढा. समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड अशा वाटेने मंडळ जातं, आणि दोषी ठरल्याचा डाग पुढच्या आयुष्यात आड येऊ नये, अशी तरतूद बाल न्याय कायद्यात आहे. मात्र कलम १९९अ लागलं तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला ड्रायव्हिंग लायसन्स मिळणार नाही. त्याच्या आईवडिलांना हे आजच सांगा. नातेवाइकांमध्ये अशी बातमी दुसऱ्याच्या तोंडून गेली की केस संपते, अबोला संपत नाही.

आता बाईंकडे. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापत. निष्काळजीपणाने ती झाली तर न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईसाठी त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतात, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही जबर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली उपचार, बुडालेली कमाई, वेदना, कायमचं अपंगत्व असा सगळा हिशेब मांडता येतो. विमा नाही म्हणजे देणारे तुम्ही. तेव्हा दवाखान्याचं बिल आत्तापासून भरायला लागा. रोख नको, बँकेतून द्या आणि ‘भरपाईच्या रकमेत धरावे’ असं लिहून पोच घ्या. याने गुन्हा कबूल होत नाही, उलट पुढे न्यायाधीशांपुढे तुमची बाजू सावरते. शंभराच्या स्टँपवर ‘आमची काही तक्रार नाही’ लिहून घ्यायचा मोह होईल. कलम १९९अ किंवा १९२ मध्ये फिर्याद सरकारची असते. ती त्या कागदाने मिटत नाही.

गाडी लवकर हाती येईल ही आशा ठेवू नका. अपघातातलं बिनविम्याचं वाहन पुरेशा तारणाशिवाय सोडू नये, असे नियम सगळ्या राज्यांनी करावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे. खरं सांगायचं तर ती काही दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात पडली तर बरंच, कारण तिच्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

पंचनाम्यात तिचे फोटो आले असतील. एटीव्हीच्या मडगार्डवर आणि टाकीवर बहुधा इशाऱ्यांची लेबलं असतात : सोळाखालच्यांनी मोठ्या इंजिनाची एटीव्ही चालवू नये, मागे कोणाला बसवू नये, पक्क्या रस्त्यावर नेऊ नये. तुमच्या घरात त्या दिवशी यातले शेवटचे दोन मोडले गेले. लेबलं जागेवर असतील, तर ‘कल्पना नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही. आणि हे इशारे उगाच चिकटवलेले नसतात. फुगीर, कमी हवेचे टायर मातीत पसरून धरतात, डांबरावर मात्र त्यांची पकड विचित्र होते. बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. मातीत आतलं चाक जरा घसरून वळण घेतं, डांबरावर ते घसरत नाही, मग गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते नाहीतर कलंडते. सीट लांब असते ती दोघांसाठी नाही. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, वळणावर कडेला तोल टाकायचा, यासाठी चालवणाऱ्याला ती जागा लागते. मागे माणूस बसला की ही हालचालच बंद होते. डोंगरउतारावर तर गाडी मागे उलटून चालवणाऱ्याच्या छातीवर येते, आणि माणूस मार लागून नव्हे, खाली दबून गुदमरून जातो. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाइकना, म्हणजे चारचाकी एटीव्हींना, उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली, आणि अमेरिकेत तीन चाकी एटीव्हींची विक्री १९८८ मध्येच थांबली. तुमची मुलगी मागे होती आणि उतार होता. पाय परक्या बाईंचा मोडला म्हणून घरात हे कोणाच्या मनात आलं नसेल. माझ्या आलं.

हेल्मेटबद्दल एक गंमत. हेल्मेटचं कलम १२९ मोटारसायकलपुरतं आहे आणि कायद्यातली मोटारसायकल दुचाकी असते, त्यामुळे चार चाकी एटीव्हीला ते शब्दशः लागू होत नाही. कवटीला हा फरक कळत नाही. घालायचंच.

विकणाऱ्याचा तो संदेश पुसू नका, फोन बदलू नका. तो व्यावसायिक असल्यामुळे ‘कागद लागत नाहीत’ या दिशाभूलीवर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येईल. त्याने तुमची फौजदारी जबाबदारी एका पैशानेही कमी होणार नाही, गाडीचे पैसे मात्र परत मागता येतील. पावती, बँकेचा उतारा आणि चासी नंबर एकत्र ठेवा.

गाडी पुन्हा वापरायचीच असेल तर आरटीओत जाऊन एकच विचारा : या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का आणि उत्पादकाचा फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांप्रमाणे बनल्याचा दाखला, मिळेल का. शेती-ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित झालेल्या काही एटीव्ही भारतात आहेत. त्यांचं पासिंग होतं, विमाही निघतो. तुमची त्यातली नसेल तर पासिंग होणार नाही, आणि कलम ३९ मुळे बागेच्या आत चालवणंही निर्धोक नाही. रस्ता तर तिने स्वतःच्या चाकांवर ओलांडायचाच नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून नेता येते.

किल्ली कुठे टांगलेली असते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पोलीस ते पहिल्या पाच मिनिटांत विचारतील.