वाचकांचे प्रश्न : एकटीने बोगोटा

प्रश्न : कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे एकटीच जाते आहे. पोहोचल्या दिवशी काय बघू?

उत्तर : काहीच नाही. शहर सुमारे २,६४० मीटर उंचीवर आहे आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. दोन मजले चढले तरी धाप लागते, डोकं जड होतं, पहिल्या रात्री झोप मोडते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत सवय होते. तोवर पाणी भरपूर, जेवण हलकं, दारू बंद. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेत बसू नका. नेहमीची चूक म्हणजे मोन्सेराते, शहराला लागूनचा डोंगर. केबल कार आहे म्हणून लोक पहिल्याच दुपारी ३,१५२ मीटरवर जाऊन उभे राहतात आणि संध्याकाळ डोकं धरून काढतात. ते तिसऱ्या दिवशी करा. डोकेदुखी वाढतच गेली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मात्र अंगावर काढू नका, डॉक्टर गाठा.

विषुववृत्त जवळ म्हणून सुती कपड्यांवर येणारे इथे कुडकुडतात. दिवसा साधारण १९-२० अंश, पहाटे ७-८. एकावर एक घालता येतील असे कपडे, पातळ रेनकोट आणि सनस्क्रीन हवंच. ढगाळ दिवशीही चेहरा भाजतो. बारा महिने संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार पडतो, त्यामुळे भटकंती सकाळीच उरका.

प्रश्न : तिथले पत्ते म्हणजे नुसते आकडे. ते वाचायचे कसे?

उत्तर : हे एकदा कळलं की निम्मं शहर कळलं. पूर्वेला डोंगरांची सलग भिंत आहे आणि ती जवळजवळ कुठूनही दिसते. डोंगर उजव्या हाताला ठेवला की तोंड उत्तरेला. डोंगराला समांतर जाणारे रस्ते ‘कारेरा’, डोंगराकडे चढणारे ‘काय्ये’. कारेराचे आकडे डोंगरापासून लांब जाताना वाढतात, काय्येचे उत्तरेकडे जाताना.

आता बोतेरो संग्रहालयाचा पत्ता घ्या : काय्ये ११, # ४-४१. म्हणजे ११ नंबरच्या काय्येवर, ४ नंबरच्या कारेराच्या कोपऱ्यापासून ५ नंबरच्या दिशेने साधारण ४१ मीटरवर. शेवटचा आकडा घरक्रमांक समजू नका, ते अंतर आहे. तिथून उताराने खाली आलात की ७ नंबरच्या कारेराला बोलिव्हार चौक. सुवर्ण संग्रहालय कारेरा ६, # १५-८८ : चौकातून डोंगर उजवीकडे ठेवून पाच काय्ये ओलांडायच्या, झालं. (सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद, बोतेरो मंगळवारी.)

गोची दोन ठिकाणी होते. पत्त्यात ‘सूर’ असेल तर तो दक्षिण भाग. तिथे आकडे दक्षिणेकडे वाढतात. टॅक्सीवाल्याला ‘काय्ये ४० सूर’मधला ‘सूर’ सांगायचा राहिला, तर कित्येक किलोमीटर भलतीकडे उतराल. दुसरं, मोठ्या रस्त्यांना आकड्याशिवाय नावंही असतात. विमानतळाकडे जाणारी एल दोरादो अव्हेन्यू म्हणजेच काय्ये २६.

प्रश्न : टॅक्सी, बस, आणि सुरक्षितता?

उत्तर : पिवळी टॅक्सी रस्त्यात हात करून थांबवू नका, ॲपवरून किंवा हॉटेलातून बोलवा आणि नंबरप्लेट जुळवूनच बसा. वाटेत साथीदार आत घेऊन प्रवाशाला एटीएमवरून एटीएमवर फिरवण्याचा प्रकार इथे जुना आहे. अनोळखी माणसाकडून पेय, सिगारेट घेऊ नका. स्कोपोलामिन हे गुंगीचं औषध घालून शुद्ध हरपवतात. पण सगळ्यात जास्त जातो तो फोन, आणि तोही फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघताना. नकाशा दुकानात शिरून बघा. ला कांदेलारिया हा जुना भाग दिवसा गजबजलेला, अंधारानंतर ओस. राहायला चापिनेरो हा भाग बरा.

मेट्रोची पहिली मार्गिका अजून बांधकामात आहे. २००० सालापासून भार वाहतात त्या ट्रान्समिलेनिओच्या, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या, लाल बस. भाड्यासाठीचं ‘तुयावे’ कार्ड स्थानकावरच मिळतं. बसच्या क्रमांकातलं अक्षर ती कुठे जाणार ते सांगतं : ‘बी’ उत्तर टोकाला, ‘जे’ मध्यवस्तीत लास आग्वास स्थानकाकडे. म्हणून परतीच्या बसचं अक्षर वेगळं असतं, जाताना लक्षात ठेवलेला क्रमांक येताना शोधू नका. शिवाय प्रत्येक बस स्थानकातल्या ठरलेल्या दारापाशीच लागते. फलक न वाचता उभे राहिलात तर ती समोरून निघून जाते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सामान घेऊन चढूच नका.

रविवार मिळाला तर सोडू नका. सकाळी ७ ते दुपारी २ ‘सिक्लोव्हिया’साठी, म्हणजे सायकली चालवायला आणि पायी फिरायला, शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात. १९७४ पासूनची प्रथा आहे. एकट्या माणसाला शहराशी ओळख करून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. उपास घडेल का?

उत्तर : नाही, पण भात-पातळ राजम्यावर विसंबू नका, त्यात अनेकदा डुकराचं मांस असतं. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. ‘सिन पोयो’ (कोंबडीशिवाय) हेही सांगा. आहियाको हे इथलं प्रसिद्ध बटाट्याचं सूप, तेही कोंबडीचंच. चीज भरलेली आरेपा (मक्याची जाड भाकरी), चेपून तळलेल्या कच्च्या केळ्यांचे पाताकोन आणि अवोकाडो कुठेही मिळतात. थंडीत आग्वापानेला मागवा : उसाच्या गुळाचं कढत पाणी, सोबत चीजचा तुकडा. तो तुकडा पेल्यात टाकायचा, मऊ होऊन तार धरू लागला की चमच्याने खायचा. किमतीतला टिंब हजाराचा असतो, ८.००० म्हणजे आठ हजार पेसो. सुटे जवळ ठेवा, पन्नास हजारांची नोट छोट्या दुकानात मोडत नाही.